पिशव्यांवर छापलेला चेहरा

सिरसाळ्याच्या बाजारात एका कॉलेजच्या पोरीच्या खांद्याला मी ती पिशवी पहिल्यांदा पाहिली. जुन्या इरकली लुगड्याची, वाकळेला घालतात तशा धावदोऱ्याने भरलेली, आणि लुगड्याचा तांबडा काठ वापरून केलेला पट्टा. कुठून घेतली म्हणून विचारलं, तर तिने पिठाच्या गिरणीमागची गल्ली दाखवली.

गल्लीत एक पत्र्याची खोली होती. आत दोन मशिनी, दोरीवर वाळत घातलेलं काळं सुती कापड, आणि तिशीची एक बाई. तिचे आईबाप दर हंगामाला ऊसतोडीला जायचे, ती मागे आजीजवळ राहून शिकली. पुढे संभाजीनगरला कपड्यांच्या डिझाइनचा कोर्स केला, पुण्याच्या कंपनीत काही वर्षं काढली आणि परत आली.

"कावून आलात परत?" मी विचारलं.

"तिथं मी नुसत्या बाह्या कागदावर काढायची, ताई. अख्खा कपडा माजा म्हणून कदीच हातात आला न्हाई."

इथे ती एकेका बाईसाठी कापड निवडायची, स्वतः रंगवायची, स्वतः बेतायची. दोरा तिची नणंद घालायची. गंजके खिळे आणि गूळ पाण्यात मुरवून ती काळा रंग करायची. प्रत्येक वस्तूच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, निळ्या दोऱ्याचं ज्वारीचं छोटं कणीस असायचं. ती तिची सही. मी तिच्याकडून एक काळा कुर्ता शिवून घेतला. इतकी वर्षं मी दुकानातल्या मापात स्वतःला बसवत आले होते. तो कुर्ता घातला आणि आरशासमोरून हलावंसंच वाटेना.

मग मी माझ्या जावांना घेऊन गेले, भाचीला घेऊन गेले. आमचं घर दिंद्रुडचं, जमीनजुमल्याचं आणि राजकारणातलं. माझा दीर भागातला पुढारी. घरात कशाचं कौतुक झालं की ते त्याच्या कानावर जातंच.

"वैनी, आपल्या भागातली पोरगी हाय आन् आपल्यालाच म्हाईत न्हाई?" तो जेवताना म्हणाला. "बायांचा मेळावा घेतोय मी. तिथं तिचा स्टॉल लावू. लोकायला कळू द्या."

मला आनंद झाला. तिला मात्र जमवाजमव अवघड वाटत होती, पण गावोगावच्या बाया येणार म्हटल्यावर ती कामाला लागली. ओळखीच्या म्हाताऱ्यांनी जपून ठेवलेली लुगडी तिला आणून दिली. एकीसारखी दुसरी नाही अशा पिशव्या तयार झाल्या. मेळाव्याच्या दोन दिवस आधी दिराने जीप पाठवली. माल आधी येऊ दे, पोरं स्टॉल नीट मांडतील, असा निरोप होता. तिने पिशव्या जीपमध्ये ठेवल्या.

मेळाव्याच्या सकाळी ती आणि नणंद मंगल कार्यालयात आल्या तेव्हा मी दारातच होते. आम्ही तिघी बरोबरच स्टॉलजवळ गेलो. टेबलावर पिशव्या रचलेल्या होत्या आणि प्रत्येक पिशवीच्या दर्शनी बाजूला, धाग्यांच्या वरून, माझ्या दिराचा चेहरा आणि जोडलेले हात छापलेले होते. खाली मोठ्या अक्षरात नाव. माजलगावला नेऊन त्यांनी छापून आणल्या होत्या. जाड पांढरा रंग दोऱ्यांत मुरून वाळला होता, त्याने कापड कडक झालं होतं.

नणंदेने एका पिशवीवर नख घासून पाहिलं. रंग निघाला नाही.

मी दिराला गर्दीतून बाजूला बोलावलं. "भाऊजी, हे कुणी सांगितलं करायला?"

"मीच. मोफत वाटायच्यात म्हनल्यावर नाव नको का? हिशेब करतो तिचा, तुमी कावून घोर लावून घेता."

"वाटायच्यात हे तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? तिचंच भलं हाय त्यात."

ती मागे येऊन उभी राहिली होती. रडली नाही. "ह्या आता माज्या न्हाईत," ती म्हणाली. "तुमीच वाटा. फक्त माजं नाव घेऊ नका."

"लई तोरा हाय बे हिला," दीर शेजारच्या माणसाला म्हणाला आणि हसला. तो माणूसही हसला.

माझ्या अंगाची आग झाली. मी तिथेच, सगळ्यांसमोर बोलले, "तुमच्या अंगातला शर्ट काढून द्या आणि त्याच्यावर मी माझा चेहरा छापते, मग बघू कुणाला तोरा येतो." हसणं थांबलं. दिराचा चेहरा तांबडा झाला. "वैनी, घरी बोलू," एवढंच म्हणून तो स्टेजकडे गेला. त्या दोघी रिक्षाने निघून गेल्या. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले, पण तिने वळून पाहिलं नाही.

पिशव्या त्याच दुपारी नारळासोबत वाटल्या गेल्या. नंतर कित्येक दिवस मला भाजीबाजारात, एसटीत, बँकेच्या रांगेत दिराचा चेहरा दिसायचा, कुणाच्या मेथीसकट, कुणाच्या बटाट्यांसकट. एका म्हातारीने स्वतःचं लग्नातलं लुगडं ओळखलं आणि मला विचारलं, "बाई, ह्याचं तोंड कावून लावलंय माज्या लुगड्याला?"

घरात सगळ्यांनी मलाच समजावलं. नवरा म्हणाला, सोडून दे, चांगल्या मनानं केलं त्यानं. चांगल्या मनाचा हा प्रकार मी लग्न झाल्यापासून बघतेय. कुणाच्याही कामावर हात ठेवायचा आणि तो आशीर्वाद आहे असं म्हणायचं.

मी एकच मागणी लावून धरली. दिराने सिरसाळ्याला जाऊन तिची माफी मागावी. महिनाभर मी रोज म्हणत राहिले. शेवटी त्याने ड्रायव्हरच्या हाती तिला एक साडी पाठवली. सत्काराच्या गठ्ठ्यातली, चकचकीत पॉलिस्टरची. संध्याकाळी ड्रायव्हर साडी घेऊन परत आला. "त्या म्हणल्या, ही त्यायलाच नेसवा," तो खाली बघत म्हणाला.

मी साडी घेतली आणि बैठकीत गेले. दोन गावांचे सरपंच बसलेले होते. साडी मी दिराच्या मांडीवर ठेवली आणि ड्रायव्हरने सांगितलेला निरोप जसाच्या तसा सांगितला. कुणी चहाच्या कपातून मान वर काढली नाही.

दीर अजून सिरसाळ्याला गेलेला नाही. तिने खोलीवर पाटी लावलीय आणि पुण्या-मुंबईच्या बाया फोनवरून तिच्याकडे कुर्ते शिवून घेतात, असं माझी भाची सांगते. आमच्या घरची ऑर्डर ती घेत नाही. माझीही नाही. मला त्याचा राग येत नाही. माझा सगळा राग घरात आहे, आणि दिराच्या ताटात वाढायला आता माझी धाकटी जाऊ जाते.