मस्कत नरपडएवढंच

उधवा गावच्या देवजीला किलोमीटर कधी कळले नाहीत. जायला जेवढा वेळ, तेवढं गाव लांब, एवढाच त्याचा हिशोब. सारी उमर त्याने नरपडच्या चिकूवाडीत मजुरी केली. जीपने तलासरी, तिथून डहाणू, पुढे रिक्षा. ताटकळणं धरून तीन तास. आठवडाभर वाडीत राहायचं आणि बाजाराच्या दिवशी घरी यायचं. त्याची बायको हिरी यावर कधी कुरकुरली नाही. नरपड म्हणजे हाकेवर, असंच दोघं धरून चालत.

एकुलता एक मिथुन मस्कतला बांधकामावर निघाला, तेव्हा मात्र हिरीने अन्न सोडलं. मिथुनने मोबाइलवर मुंबई आणि मस्कतचे विमानतळ टाकले आणि उत्तर वाचून दाखवलं. अंतर दीड हजार किलोमीटरच्या वर, विमानाला लागतात जेमतेम तीन तास. देवजीने पहिला आकडा कानाआड केला आणि दुसरा घट्ट धरला.

"अगं, म्हंजे नरपडच की! पोरगा नरपडला गेलाय असं समज."

हिरी हसली, जेवली. देवजीला आपल्या अकलेचं कोण कौतुक वाटलं!

दोन वर्षांनी हिरीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले. शेजारच्या निर्मलाने तेव्हाच बजावलं, "काका, मिथुनला बोलवून घे."

"कशाला त्याचा खाडा? तीन तासांचं तर काम. वेळ आली की फोन करू."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

वेळ आली. फोनवर मिथुन आधी नुसता रडला. मग म्हणाला, "बाबा, इमान तीन तासांचंच हाय रे. पण पासपोर्ट मालकाकडं. बदली माणूस आल्याबिगर तो सोडत नाय. महिना तरी जाईल. आधी का नाय सांगितलंस?"

हे हिरीला सांगायची देवजीची छाती झाली नाही. "निघालाय," एवढंच तो म्हणाला.

हिरीने खाट दाराकडे करून घेतली. शेवटचं पाणी मुलाच्या हातचं घ्यायचं, म्हणून देवजीने वाटी पुढे केली की ती ओठ मिटून घेई. सकाळ गेली, दुपारही गेली. रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला की ती मान उचलायची. उतरणारे भलतेच असायचे.

"नरपडवरनं यायला एवढा येळ?" तिन्हीसांजेला तिने विचारलं.

देवजीने पुन्हा वाटी पुढे केली.

"यायचंच नसंल त्याला. आय नकोशी झाली," हिरी म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

देवजीला आता कळलं. जन्मभर ज्या पोरासाठी ती झुरली, त्याच्यावर रुसून ती चालली होती, आणि तेही आपल्यामुळे. तो खाटेवर वाकला. "हिरी, नरपड नाय गं ते. लय लांब हाय मस्कत, दर्याच्या पल्याड. पोराचा काय दोष नाय. ऐकतेस का?"

उशाशी बसलेल्या निर्मलाने त्याच्या हातातली वाटी काढून घेतली. हिरी मघाशीच गेली होती.