बाबांबरोबर मनोरी, रजा न काढता

मनोरीला कसं जायचं, असं हल्ली बरेच जण विचारतात, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते. माझी माहिती चाळीसेक वर्षं जुनी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. रस्ते आणि तिकिटं बदलली असतील, खाडी मात्र जागच्या जागी आहे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, अंधेरीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. बोर्डावर आम्ही दोघी होतो. दुसरी लग्न होऊन गेली आणि तिच्या जागी कोणी आलंच नाही. दीड वर्ष मी एकटीने तो बोर्ड ओढला. घरी आल्यावरही कानात गुणगुण चालू असायची, ताटावर बसलं की घास उचलायचा कंटाळा यायचा, आई काही बोलली की मी खेकसायचे. एका सोमवारी बोर्डावर पाच कॉलचे दिवे एकदम लुकलुकत होते आणि मी हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे नुसती बघत बसले. जेवणाच्या सुट्टीत राजीनामा टाइप केला. दुसरी नोकरी हातात नव्हती आणि शोधायची ताकदही नव्हती. नोटिशीचा महिना भरून संपला तरी घरी कोणाला पत्ता नव्हता.

अडचण बाबांची होती. ते गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. अठ्ठावीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांचे कान गेले होते; कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे. गिरणी बंद पडून तीन-चार वर्षं झाली होती, तरी सकाळी सहाला दाढी करून ते तयार बसत. ज्याच्या हातातून नोकरी काढून घेतली, त्याला 'मी आपणहून सोडली' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? शिवाय घर माझ्याच पगारावर चालत होतं. शेवटी ठरवलं की त्यांना दोन दिवस समुद्रावर न्यायचं आणि तिथे सांगून टाकायचं. मालवणचा माणूस, समुद्र बघून जरा मवाळ होईल. आई म्हणाली, "तुम्हीच जा दोघं, मला तेवढाच आराम." ऑफिसचं विचारल्यावर मी "रजा काढलीय" असं ठोकून दिलं.

गुरुवारी निघालो. शनिवार-रविवार टाळा, हा सल्ला आजही लागू असावा. मुलुंडहून पवईमार्गे अंधेरीला जाणारी बस धरली. ही माझी रोजचीच बस. कंडक्टरने सवयीने मला ऑफिसच्या स्टॉपचं तिकीट फाडून दिलं. ते बदलून घेतलं, तरी स्टॉप आल्यावर मी पर्स सावरून अर्धी उठलेच. बाबा खिडकीशी बसून फुटपाथवरच्या माणसांकडे टक लावून बघत होते. साच्यांच्या आवाजात बोलणं पोचायचं नाही, म्हणून गिरणीतली ही माणसं हातवारे करून नि ओठ हलवून बोलायची. माणसांच्या तोंडाकडे बघत बसायची सवय त्यांना तेव्हापासूनची.

अंधेरीहून मालाड, आणि मालाड पश्चिमेहून मार्व्याची बस. ती यायला तेव्हा फार वेळ लागायचा. बाबा स्टॉपच्या रेलिंगला टेकून शेंगदाणे खात होते आणि मी समोर येरझाऱ्या घालत ओठातल्या ओठात वाक्याची तालीम करत होते. 'बाबा, मी नोकरी सोडली.' 'बाबा, रागावू नका, मी नोकरी सोडली.' कसंही फिरवलं तरी ते वाईटच वाटत होतं. बस आली तेव्हा बाबांनी उरलेले शेंगदाणे खिशात टाकले आणि माझ्या आधी चढले.

मार्व्याच्या धक्क्यावरून लाँच मिळते. पाच-दहा मिनिटांची खाडी, तिकीट अगदीच किरकोळ. ओहोटी असेल तर चपला हातात घ्यायची तयारी ठेवा, चिखल घोट्यापर्यंत येतो. मनोरीला आमची सोय यमुनाबाईंकडे होती. या कोळीणबाई मासळी विकायला मुलुंडपर्यंत यायच्या, त्यामुळे आईच्या ओळखीच्या. ओटीलगतची एक खोली आणि दोन वेळचं जेवण. भाडं म्हणून जे घेतलं, ते घेताना त्याच लाजल्या.

मी ताज्या मासळीची स्वप्नं बघत गेले होते. पानात आलं सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी.

"ताजा मावरा आता नाय गावाचा," यमुनाबाई म्हणाल्या. "भांग हाय. पान्याला जोर नाय, डोलीत काय येल?"

डोल म्हणजे पाण्यात रोवून ठेवलेलं लांबलचक पिशवीसारखं जाळं. ते पाण्याच्या ओढीनेच भरतं. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मंदावते, तिला हे लोक भांग म्हणतात. मग होड्या वाळूवर आणि सगळे पुरुष सावलीत बसून जाळी सांधतात. मासे खायला जाणार असाल तर आधी तिथी बघा.

"मग या दिवसांत घर कसं चालतं?" मी विचारलं.

"मंग उधान येतंय नं," असं म्हणून त्यांनी मला आणखी कालवण वाढलं.

कालवण झकास होतं, पण बाबा अर्ध्या भाकरीवर उठले आणि एकटेच किनाऱ्यावर चालू लागले. दुपारी मी ओटीवर चटई टाकून आडवी झाले ती चार तास झोपले. उठले तेव्हा बाबा समोर खांबाला टेकून माझ्याकडे बघत बसले होते. संध्याकाळभर ते बोलले नाहीत. जागा आवडली नाही, उगाच आणलं, असं मला वाटत राहिलं. त्या दिवशी वाक्य काही तोंडातून निघालं नाही.

शुक्रवारी उन्हं उतरल्यावर आम्ही जाळी सांधणाऱ्यांपासून जरा लांब वाळूवर बसलो. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जोरात म्हटलं, "बाबा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय!"

जाळ्यावरची सगळी डोकी वर झाली.

"बोंबलू नको," बाबा म्हणाले. "माका म्हायत हा."

"काय माहीत आहे?"

"नोकरी सोडलंस ता. मालाडच्या ष्टॉपार चार वेळा बोललंस."

अठ्ठावीस वर्षं जो माणूस ओठ वाचून बोलला, त्याच्यासमोर उभं राहून, त्याला ऐकू येत नाही या भरवशावर मी तालीम केली होती!

"मग बोलला का नाहीत?"

"राग इलो. माझी गेली गो. तू सोडलंस." त्यांनी मूठभर वाळू उचलली. "मगे काल दुपारी तू निजलंस. तोंड चालूच होता तुजा. 'होल्ड करा, जोडते. होल्ड करा, जोडते.' झोपेत पन बोर्डारच."

मला रडू आलं. महिनाभर अडवून ठेवलेलं सगळं तिथे बाहेर पडलं. बाबांनी थांबवलं नाही.

"साच्यार धागो तुटलो की साचो बंद करूचो लागता," ते म्हणाले. "तसोच चालवलंस तर फुडचा सगळा कापड फुकट."

"पण घराचं काय, बाबा?"

"रेशनवालो कधीपासून बोलवता माका, मालाच्या वजनाक. मीच जाय नाय होतंय. गिरणी उघडतली म्हणान." त्यांनी हातावरची वाळू झटकली. "आता जातंय."

शनिवारी सकाळी परतलो. लाँचचं इंजिन धडधडत होतं, कोणाचंच कोणाला ऐकू येत नव्हतं. बाबा समोरच्या फळीवरून आवाज न काढता बोलू लागले. ओठ सावकाश हलवायचे, मला कळलं नाही की पुन्हा हलवायचे. मार्वे येईपर्यंत मला 'भूक', 'पाणी' आणि 'पुढचा माणूस किती जाडा आहे बघ' एवढं वाचता यायला लागलं.

मुलुंडला जिना चढताना शेजारच्या काकू भेटल्या. "काय गं, संपली वाटतं रजा?" मी चाचरले. बाबा काकूंच्या तोंडाकडेच बघत होते. स्वतःचा आवाज त्यांना कधी कळत नसे, त्यामुळे तीनही मजल्यांना ऐकू गेलं.

"रजा नाय! सोडली नोकरी तिना!"

आईला बातमी तशी कळली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी गोडाचा शिरा केला.

त्यानंतर मी पाच महिने घरी होते. ते दिवस सोपे नव्हते. पगार नव्हता आणि नातेवाइकांचे सल्ले होते. कानातली गुणगुण तिसऱ्या महिन्यात थांबली. पुढे एका शाळेच्या ऑफिसात लागले, पगार कमी, पण संध्याकाळी भूक लागायची. मनोरीला मी नंतर दोनदा गेले, तिथी बघून. ताजी मासळी खाल्ली.

त्या पाच महिन्यांत बाबांनी नोकरीचं एकदाच विचारलं. रविवार होता, आम्ही चहा पीत होतो, आई पलीकडे तांदूळ निवडत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी नुसते ओठ हलवले, 'काय मिळाला?'

'अजून नाही,' मीही तसंच सांगितलं.

'बरा,' असं ओठांनीच म्हणून त्यांनी स्वतःच्या बशीतली खारी माझ्या बशीत ठेवली.