वाघाच्या वर्षी जन्मलेले चीफसाहेब

दोन देशांच्या अंधश्रद्धा एकाच डोक्यात गुण्यागोविंदाने नांदू शकतात, यावर सिंगापुरात यिशुनमधल्या आमच्या शेजाऱ्यांना भेटेपर्यंत माझा विश्वास नव्हता. अर्धा जन्म बोटींच्या इंजिनांशी झटापट करून हे सडेफटिंग चीफसाहेब नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला किनाऱ्याला लागले आणि घरचे शकुन अपुरे पडल्यासारखे चिनी शकुनही पाळू लागले. आठ आकडा लाभाचा, म्हणून फ्लॅट आठव्या मजल्यावर. चार मरणाचा, म्हणून केळी पाच घ्यायची. त्यातलं एक आम्हाला द्यायचे, मग घरी चारच उरली हे ध्यानात आलं की आणखी एक घेऊन परत बेल वाजवायचे. ‘चार माणसांत मिसळत जा’ म्हटलं, तर तिथेही चार आडवा यायचा.

त्यात पन्नास सालचा जन्म, म्हणजे चिनी हिशेबाने वाघ. वाघाच्या वर्षी जन्मलेला माणूस नवरीसमोर किंवा तान्ह्या बाळासमोर नको, असं तिथे मानतात. त्यामुळे लग्न असो, बारसं असो, चीफसाहेब कुठलंच आमंत्रण घेत नसत. उगाच कुणाचं वाईट नको म्हणायचे.

मग समोरच्या चिनी आजींच्या नातीचं लग्न ठरलं. हिला शाळेपासून गणित शिकवलेलं चीफसाहेबांनीच. चिनी लग्नात घरच्या वडीलधाऱ्यांना नवरीने चहा द्यायचा असतो, आणि तिला एक पेला यांच्या हातात द्यायचा होता. लग्नाच्या सकाळी हे दार लावून आत. शेवटी आजी मला घेऊन आल्या आणि दाराच्या जाळीतून त्यांनी चीफसाहेबांना जन्ममहिना विचारला. जानेवारी, असं उत्तर आलं.

“जानेवारी व्हेअर गॉट टायगर?” आजी म्हणाल्या. “न्यू इयर नॉट यट कम. यू ऑक्स लाह.”

चिनी वर्ष लागतं फेब्रुवारीच्या सुमारास, तेव्हा आमचा वाघ निघाला बैल. आजींनी त्यांना हाताला धरून नेलं. नवरीने दिलेला चहा त्यांनी घेतला. पेला रिकामा होताच ते निघाले. मी मागोमाग गेलो आणि कॉरिडॉरमध्ये चिडवलं, की इंजिनीअर माणसाचा एवढा साधा हिशेब चुकावा?

“चुकला नव्हता,” ते म्हणाले. “मला केव्हाच कळलं होतं.”

“मग?”

“वाघ एकटा राहिला तर कुणी काही विचारत नाही. एकटा बैल दिसला की जो तो विचारतो, जोडीचा कुठे गेला?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी हलकेच दार लावून घेतलं. समोरच्या घरात फोटो काढणं चाललं होतं आणि नवरी त्यांनाच शोधत होती.