शत्रूने जाळलेलं घर

नाव: म्बोक वागियेम, विधवा. वय: अंदाजे पंचावन्न. शिक्षण: नाही. व्यवसाय: टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या मुरवलेल्या वड्या, करून बाजारात विकणे. ओळखीची खूण: उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. स्वातंत्र्ययुद्धातील वर्गवारी: शत्रूने घर जाळल्यामुळे पीडित.

शेवटची ओळ मी वाचून दाखवली, तेव्हा केळीच्या पानात टेम्पे गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, "मास्तर, हे कुठल्या गाढवानं लिहिलं?"

लिहिणारे आमचे लुराह, पाक हार्जो, तिथंच बसले होते. गावचे प्रमुख असल्यामुळे त्यांना ऐकू न येण्याची सवय होती.

साल त्रेपन्न. प्रजासत्ताक आठ वर्षांचं, म्हणजे दुधाचे दात पडायचं वय. गावोगाव लढ्याच्या स्मृतीचे दगड उभे राहत होते. आमचा दगड सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, वागियेमच्या मोकळ्या जागेवर बसायचा होता. 'येथील घर शत्रूने जाळले' असा मजकूर कोरूनही झाला होता. दानपत्रावर तिचा अंगठा तेवढा बाकी होता.

अठ्ठेचाळीसच्या डिसेंबरात डचांनी आपली राजधानी जोगजा घेतली. त्यांना ठाणं करायला मिळू नयेत म्हणून मोठी घरं जाळा, असा आपल्या सैन्याचा हुकूम आला. गावात मोठी घरं दोनच. एक वागियेमचं, सागवानी. दुसरं लुराहांचं. "विटा जळत नाहीत," असं लुराहांनी लेफ्टनंट सुदिब्योला सांगितलं, आणि कॉलेज सोडून आलेल्या त्या बिचाऱ्याला ते पटलं. वागियेमच्या अंगणात मात्र त्याच्या काड्याच पेटेनात. सादळलेल्या होत्या. तो रडायला लागला, तेव्हा तिनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं, "हो बाजूला," म्हणाली आणि स्वतःच्या हातानं घर पेटवलं. मनगटावरचा डाग तेव्हाचा. तिसऱ्या दिवशी डच आले, राख पाहिली आणि लुराहांच्या घरात अकरा आठवडे राहिले.

"म्बोक," लुराह आईला हाक मारावी तशा गोडीत म्हणाले, "डचांनी जाळलं म्हटलं तर तुमचं काय जातं?"

"घर जातं. आजवर ते मी दिलेलं होतं. तुम्ही ते लुटलेलं करताय."

"लोकांना समजायला सोपं पडतं हो."

"तुम्हाला सोपं पडतं. 'मालकिणीने स्वतः पेटवले' असं कोरलं, की वाचणारा विचारील, मग दुसरं मोठं घर कुणी पेटवलं?"

"तोंड सांभाळा!"

"सांभाळायला तेवढंच उरलंय. मजकूर बदला, अंगठा घ्या."

"बाजारात छपराखाली बसता ना? ती जागा कुणाच्या शब्दानं आहे, ठाऊक आहे?"

"उन्हात टेम्पे लवकर आंबतो. गिऱ्हाइकाला सांगीन, लुराहांच्या कृपेनं आंबलाय."

दानपत्र कोरंच परत गेलं. पुढच्या बाजारापासून ती रस्त्याच्या कडेला, उन्हात बसू लागली. जागेवर तिनं कसावा लावला.

दगड मात्र तयार होता, आणि सतरा ऑगस्ट काही पुढं ढकलता येत नाही. तो लुराहांच्याच अंगणात बसवला. झेंडा चढला, शाळेच्या मुलांनी राष्ट्रगीत म्हटलं. 'येथील घर शत्रूने जाळले' हे सभेला मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी वाचलं.

दगडामागं लुराहांचं घर आहे. त्याचं एक कौलही कधी जळलेलं नाही.