चौदा खिशांची बंडी

बत्तीस वर्षं मी सरकारी नोकरीत कालवे आखले. किती मैल आखले, हे आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. लग्नात, बारशात, एस.टी.च्या रांगेत, कुठेही जुना माणूस भेटला की पहिला प्रश्न एकच, "ती बंडी अजून आहे का हो?"

आहे! सर्व्हे पार्टीचं असंच असतं. चार माणसं चार महिने तंबूत राहिली की काम फायलीत जातं आणि गमती माणसांकडे उरतात. दर वर्षी त्यांत भर पडते, आणि सांगायला बसलं की एकीच्या मागे दुसरी येतेच. माझ्याकडच्या बहुतेक गमतींत ती बंडी आहे.

*

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी टेम्पररी ओव्हरसियर होतो आणि शिरूर-दौंड भागात कालव्याची लाइन आखत होतो. सामानाची पिशवी दगडूमामांकडे. दगडूमामा आमचे हेड खलाशी. मोजणीची साखळी धरून पुढे चालायचं काम त्यांचं, आणि वयाने माझ्या वडिलांएवढे. साखळी शंभर फुटांची. म्हणजे मला चाकू लागला की चाकू शंभर फुटांवर! "मामा, पिशवी!" असं ओरडून ओरडून माझा घसा बसला.

शेवटी दौंडला रहिमानभाईंकडे गेलो. रेल्वेवाल्यांचे खाकी कपडे शिवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हटलं, बिनबाह्यांची खाकी बंडी पाहिजे, खिसे चौदा.

रहिमानभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"खिशे चौदा म्हंता. मंग बंडी कुठं शिवू?"

पण माणूस कारागीर! माझं माप त्यांनी नजरेनेच घेतलं, सामानाचं मात्र टेपने. चाकू, पक्कड, ओळंबा, खडू, टॉर्च, टिंक्चरची बाटली, सगळं टेबलावर मांडायला लावलं आणि एकेका वस्तूला तिच्या मापाचा खिसा दिला. पेन डावीकडून तिसऱ्यात. सगळा नमुना पुठ्ठ्यावर कापून भिंतीला टांगला.

"एकदा पुठ्ठा कापला," ते म्हणाले, "की माझ्या दुकानात खिसा जागचा हालत न्हाई."

*

बंडी घालून मी पहिल्या दिवशी कामावर गेलो, तेव्हा दगडूमामा माझ्याभोवती एक चक्कर मारून आले.

"रावसाहेब, ह्ये कापड हाय का कपाट?"

दुपारी त्यांच्या पायात बाभळीचा काटा घुसला. मी एका खिशातून सुई काढली, दुसऱ्यातून टिंक्चर, तिसऱ्यातून पट्टी. काटा काढला, पट्टी बांधली. मामा बघत होते.

"आन् तंबाखू?"

आठव्या खिशातून तंबाखू निघाली!

मामांनी चिमूट दाढेत धरली, जरा विचार केला आणि म्हणाले, "कपाट न्हाई. हापिस हाय." त्या दिवसापासून बंडीचं नाव 'हापिस' पडलं ते पडलंच. खडू पाहिजे असला की मामा म्हणणार, "हापिस उघडा जरा."

*

घोड नदीकाठी, इनामगावच्या बाजूला काम चाललं होतं. लाइन आखणारा माणूस दिसला की शेतकरी हातातलं काम टाकून धावत येतो, कारण खुंटी कुणाच्या रानात ठोकली जाईल याचा नेम नसतो. एके दिवशी दहा-बारा जणांनी आम्हाला घेरलं. पुढे एक पांढऱ्या मिशांचे आबा, हातात काठी.

"कालवा कुणाच्या रानातनं जानार, त्यो कागद कंच्या खिशात हाय?"

म्हटलं, आबा, कागद अजून झालेलाच नाही. पण त्यांची नजर काही बंडीवरून हटेना. मी घोंगडी पसरली आणि एकेक खिसा तिच्यावर रिकामा केला. चाकू, दोरा, पेन, पक्कड, टॉर्च. सगळे मान लांब करून बघत होते. शेवटी पाठीमागचा मोठा खिसा. आबा म्हणाले, "ह्योच त्यो!"

त्यातून फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी आणि ठेचा निघाला. आबांनी भाकरीचा तुकडा मोडून बघितला, तो कडकन वाजला.

"आरं, सरकार शिळी भाकर खातंय!" ते मागे वळून ओरडले. "घरला सांगा, दोन मानसं जेवाया हायेत!"

*

एकदाच बंडीने मला तोंडघशी पाडलं. केडगावला गाडीत बसलो. पाटस मागे पडल्यावर टीसी आला, तिकीट मागितलं. मी खिसे चाचपायला लागलो. गंमत अशी की प्रत्येक वस्तूला जागा ठरलेली होती, पण तिकीट ही वस्तू रहिमानभाईंच्या टेबलावर मी मांडलेलीच नव्हती! तिकिटाला खिसाच नव्हता, त्यामुळे ते कुठेही असू शकत होतं.

टीसी उभा राहिला. मग बसला. दौंडचा सिग्नल दिसायला लागला तेव्हा तिकीट टिंक्चरच्या बाटलीमागे सापडलं, पिवळं झालेलं.

टीसी उठला आणि म्हणाला, "साहेब, पुढच्या खेपेला तिकीट अंगावर घाला आणि बंडी लगेजमध्ये टाका!"

मी स्टेशनवरून तडक रहिमानभाईंकडे गेलो. म्हटलं, पंधरावा खिसा लावून द्या. बघतो तर माझा पुठ्ठा टेबलावर, आणि रहिमानभाई त्याच नमुन्याची दुसरी बंडी कापतायत. माझ्यासारखी दीड माणसं बसतील एवढी!

"ही कुणाची?"

"नाव नका इच्यारू. जबान दिलीय."

*

त्याच सुमारास आमच्याकडे नवे इंजिनिअरसाहेब आले. साहेब अंगाने भरलेले, बोलायला कडक. माझी बंडी बघितली आणि सगळ्या पार्टीसमोर म्हणाले, "हे सरकारी काम आहे. जादूचे प्रयोग नाहीत! पुन्हा हा पोशाख दिसला तर याद राखा."

मी हसण्यावारी नेलं असतं. पण मी सहा वर्षं टेम्पररी होतो, पर्मनंट व्हायचा माझा कागद साहेबांकडे होता आणि त्यावर त्यांचा शेरा पडायचा बाकी होता. घरी बायको, धाकटी बहीण, आई. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. बंडी घडी करून ट्रंकेत ठेवली.

आठ दिवसांत दोन चाकू हरवले, ओळंबा विहिरीत गेला आणि घसा पुन्हा बसला. नवव्या दिवशी दगडूमामांनी स्वतः ट्रंक उघडली.

"घाला, रावसाहेब. हापिस बंद ठिवून काम हुतंय व्हय?"

घातली! काम नीट झालं तर शेरा नीट पडेल, असा माझा हिशोब.

*

मेमधली सकाळ. होकायंत्राचं काम होतं. होकायंत्राजवळ लोखंड आलं की काटा हलतो आणि सगळी लाइन वाकडी जाते. म्हणून आमची पद्धत ठरलेली. तिपाई उभी राहिली की दगडूमामा हाळी द्यायचे, "हापिस झाडावर!" आणि मी बंडी काढून वीस पावलांवरच्या बाभळीला अडकवायचो.

तशी ती अडकवली आणि जीप आली. साहेब उतरले. एवढ्या उन्हात अंगात कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्यांची नजर पहिल्यांदा बाभळीवर गेली.

"अजून आहे ती?" त्यांनी जीपमधून माझा कागद काढला. "शेरा आजच लिहितो. आधी तुमचं काम बघतो."

ते होकायंत्रावर वाकले. माझ्या वहीतला आकडा आणि त्यांचा आकडा, चार अंशांचा फरक!

"सहा वर्षांत एवढंही जमत नाही?"

मी वाकून बघितलं, काटा माझ्या आकड्यावर. साहेब वाकले, चार अंश. मी बघितलं, बरोबर. ते वाकले, पाच अंश! घामाने त्यांची कॉलर भिजली होती.

दगडूमामा साखळी खाली ठेवून सावकाश जवळ आले. साहेबांच्या कोटाकडे बघत राहिले. कोट नको तिथे फुगला होता.

"साहेब," मामा फार मायेने म्हणाले, "ऊन लई हाय. कोट काढा की."

साहेबांनी आमच्याकडे बघितलं, होकायंत्राकडे बघितलं आणि एकेक बटण काढलं.

आत खाकी बंडी होती. चौदा खिशांची.

कुणी हसलं नाही. मामांनी कोट हातावर घेतला आणि नेहमीच्या आवाजात हाळी दिली, "हापिस झाडावर!" साहेब चालत गेले आणि बाभळीला माझ्या बंडीशेजारी त्यांची बंडी लागली. परत येऊन ते होकायंत्रावर वाकले. आकडा माझाच निघाला, अंशाचाही फरक नाही.

साहेब सरळ उभे राहिले. माझा कागद घेऊन बाभळीपाशी गेले आणि आपली बंडी चाचपायला लागले. एक खिसा, दुसरा खिसा, मग उजवीकडचे. खालचे. पुन्हा वरचे.

मी वीस पावलांवरून म्हणालो, "डावीकडून तिसरा, साहेब."

त्यांनी हात घातला. पेन निघालं.