बाबा नाही म्हणतात

कराटेच्या पहिल्या दिवशी मी शाळेच्या मैदानाला अर्धी चक्कर मारली आणि हातपंपाला धरून उभी राहिले. माझ्याबरोबर सुटलेल्या पोरी दुसरी चक्कर पूर्ण करून माझ्या शेजारून पुढे गेल्या. वय सत्तेचाळीस, वजन सांगत नाही, आणि डॉक्टरांनी नुकतीच शुगर सांगितलेली. शिकवणारी मॅम बुलढाण्याहून बसने यायची, माझ्या मुलीच्या वयाची. ती जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, थांबायचं नाही. चालत राहा." तेवीस वर्षं पोरांना मी हेच सांगत आले होते, फक्त खुर्चीवर बसून.

मी काही हौसेने गेले नव्हते. मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. मुलींना स्वतःचं रक्षण करता यावं म्हणून शाळेत तीन महिने वर्ग झाला. तो संपल्यावर मॅमने संध्याकाळी शाळेच्याच पत्र्याच्या शेडमध्ये पुढे शिकवायचं ठरवलं, पण आया पोरींना पाठवेनात. कोणी मोठी बाई सोबत पाहिजे म्हणाल्या. मग मी घरोघर जाऊन "मी असते ना तिथं" असं सांगून आले. मनात चित्र असं, की मी एका बाजूला खुर्ची टाकून वह्या तपासत बसेन. मॅमने पहिल्याच दिवशी खुर्ची वर्गात परत ठेवायला लावली. म्हणाली, "इथं बघायला कोणी बसत नाही. करणार असाल तर थांबा." मला राग आला. माझ्याच शाळेत माझी खुर्ची उचलायला लावते ही कोण? पण वीस पोरी बघत होत्या. थांबले.

शेडला भिंत नाही. समोरून रस्ता जातो, आणि शेतातून परतणारं सगळं गाव त्याच रस्त्याने येतं. मी शेवटच्या रांगेत लोखंडी खांबामागे जागा धरली. खांब चार बोटं रुंद आणि मी केवढी, त्यामुळे लपल्याचं समाधान फक्त मलाच. मॅडमला या वयात काय सुचलं, असं बायका बोलतातच असं वाटून मी खांबाला आणखी चिकटायचे.

पाय काही बादलीच्या उंचीवर जाईना. मूठ वळली तर अंगठा आत. चौथीतली एक पोर, जिला सातचा पाढा अजून येत नाही, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, अंगठा बाहेर. नाही तं मोडीन." तिच्या कमरेला पिवळा पट्टा होता, म्हणून नियमाप्रमाणे मी तिला वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी वर्गात तिला पाढा विचारायचा मला धीर झाला नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट ओरडण्याची. ठोसा मारताना पोटातून एक आरोळी द्यायची असते. वर्गात मी आवाज चढवला की रस्त्यावरचा टेम्पोवाला वळून बघतो. पण इथे तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर यायची. मॅम म्हणायची, "लाजू नका." मी लाजत नव्हते, मला भीती वाटत होती. कशाची, ते तेव्हा कळत नव्हतं.

पंधराएक दिवसांनी मॅमने एका डावाचं नाव घेतलं आणि कोणी हलायच्या आत माझा डावा हात ठोसा अडवायला डोक्यावर गेला. तिला नवल वाटलं. "आधी केलंय का तुम्ही?"

"नाही. माझी मुलगी करायची. मी बघत बसायचे."

"मग सोडलं का तिनं?"

"तिच्या बाबांना नाही आवडलं," मी म्हणाले.

इतकं सहज निघालं, जसं हजेरीत नाव घ्यावं. मॅमने मान हलवली आणि पुढच्या रांगेकडे वळली. मी मात्र तशीच हात वर करून उभी राहिले. कारण तिच्या बाबांना काही विचारलंच नव्हतं कोणी. बंद केलं ते मी.

मुलगी तेव्हा सातवीत. दीड वर्ष झालं होतं शिकायला. मोताळ्याला वर्ग चालायचा, मी घेऊन जायचे आणि तासभर पायरीवर बसायचे. हिरवा पट्टा मिळाला होता. निळ्याची परीक्षा रविवारी होती. त्याच आठवड्यात एका हळदीकुंकवाला माझी नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "वयात आलेली पोरगी, पोरांसमोर तंगड्या वर करून लाथा मारते. उद्या पाहुणे आले तं काय सांगशीन?" बायका हसल्या. मीही हसले. शिकलेली, नोकरी करणारी, तीन जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषण लिहून देणारी मी, वाण घेऊन गुपचूप घरी आले आणि मुलीला म्हणाले, "आता कराटे बंद. बाबा नाही म्हणतात."

आमच्याकडे आईचा नकार नेहमी बापाच्या तोंडून येतो. सहलीला नाही, बाबा नाही म्हणतात. मैत्रिणीकडे राहायला नाही, बाबा रागावतील. बाप बिचारा शेतात वांगी तोडत असतो, त्याला पत्ताही नसतो की आज आपण कशाकशाला नाही म्हणालो. माझी आई हेच करायची. आई चांगली राहते आणि भांडण होत नाही, कारण बापाशी भांडायची कोणाची टाप आहे?

चार-पाच दिवसांनी यांनी विचारलं, "पोरगी जाऊन नाही राह्यली कराटेले. काऊन वं?" मी म्हणाले, "तिचं मन नाही आता." ते म्हणाले, "बरं. तिची मर्जी." एकाच घरात दोघांना दोन खोट्या गोष्टी सांगितल्या आणि दोघांनाही पटल्या. मला हायसं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

पोर रडली नाही. ड्रेसची घडी करून कपाटात खाली ठेवली. त्या आधी सुट्टीच्या दिवशी ती यांचा डबा घेऊन मळ्यात जायची, दोघं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून सोबत जेवायची, आणि ती बापाला नवीन डाव करून दाखवायची. त्यानंतर ती डबा विहिरीजवळच्या खुंटीला अडकवून परत यायची. मला दिसत होतं. वाटायचं, होईल ठीक. पुढे ती शिकली, पुण्यात नोकरीला लागली. माझ्याशी फोनवर तासभर गप्पा. बापाशी, "हो बाबा. जेवले. ठीक आहे. आईला द्या." घरात होती तेव्हाही तेवढंच; दहा वर्षं हेच. आणि दरवेळी फोन माझ्या हातात येताना मी घाईने दुसरंच काहीतरी बोलायला लागायचे.

मॅमच्या वर्गात एक पोर होती सातवीतली. पाय असा सुटायचा तिचा की बघत राहावं. तिसऱ्या महिन्यात ती यायची बंद झाली. मी तरातरा तिच्या घरी गेले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तशातली गत. तिची आई ओसरीवर मेथी निवडत होती.

"पोरगी काऊन येत नाही?"

"तिचे बाबा नाही म्हनते, मॅडम."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. तेवढ्यात तिचे बाबा पाठीवर फवारणीचा पंप घेऊन अंगणात आले. पंप खाली ठेवून मोठ्या कौतुकाने म्हणाले, "मॅडम, कशी करून राह्यली आमची पोरगी? हात-पाय चालते का बराबर?"

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं.  मी एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. मी म्हणाले, "चांगली करते." आणि चहा प्यायले. का बोलले नाही? ती उघडी पडेल म्हणून नाही. तिच्या जागी मी उघडी पडल्यासारखं वाटलं म्हणून.

निघताना ती फाटकापर्यंत आली. मी हळूच म्हणाले, "मी पण माझ्या पोरीला असंच सांगून बंद केलं होतं. बरं नाही झालं."

ती म्हणाली, "काय बिघडलं मंग? लागलीच ना नोकरीले?"

 वरून बघितलं तर काहीच बिघडलं नव्हतं. ती पोर काही परत आली नाही. तो दोषही माझ्याच पदरात आहे.

त्या रविवारी मी मुलीला फोन केला. तीन महिने तिच्यापासून लपवलं होतं ते सांगितलं, की मी कराटे शिकते आहे. ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "आई, तू? तुया पाय तरी उचलते का?" मग अंगठा, पट्टा, आरोळी, सगळं विचारून घेतलं. आवाजात इतका आनंद की मला बरं वाटायला लागलं. आणि मग तिने सहज विचारलं, "बाबांनी जाऊ दिलं तुले?"

मी "हो" म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली. "मले नाही जाऊ दिलं, तुले तरी दिलं." त्यात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

आठवडाभर मला जेवण गेलं नाही. वर्गात मॅम म्हणाली, "मॅडम, लक्ष नाही तुमचं." समोरच्या पोरीचा ठोसा अडवायचा होता तो मी छातीवर घेतला. ती पोर घाबरली, मी नाही. कोणीतरी मारलं ते बरंच झालं असं वाटलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून मी मुलीला सगळं सांगितलं. हळदीकुंकू, नणंद, बायकांचं हसणं, आणि बाबांना कधीच काही विचारलं नव्हतं हे. "बाबांनी तेव्हा मलेच विचारलं होतं, पोरगी काऊन जात नाही म्हणून," मी म्हणाले. "मी सांगितलं, तुयं मन नाही."

 मी दोनदा "हॅलो" म्हणाले. मग तिने विचारलं, "बाबांना माहीत आहे हे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस? त्यांना सांग आधी." फोन ठेवला. माझ्याशी ती अशा पुण्याच्या, परक्या भाषेत कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंगणात बसून बाजारासाठी वांगी निवडत होते. किडकी एका बाजूला, चांगली क्रेटमध्ये. मी समोर बसले, चार वांगी उचलली आणि मान खाली घालून सांगून टाकलं. त्यांचे हात चालूच होते. क्रेट भरलं तेव्हा ते थांबले.

"म्हंजे मी नाही म्हटलं, असं वाटते तिले? आतापर्यंत?"

"हो."

"म्हनून पोरगी डबा अडकवून जाये."

 त्यांनी माझ्यावर ओरडावं म्हणून मी वाट बघत होते. ओरडणं त्यांच्यात नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे, आणि त्याचाच तर मी फायदा घेतला होता.

"मले पहिले वाटलं, पोरगी मोठी झाली, बापापासून लांब राह्यतेच," ते म्हणाले. "मंग पुण्याले गेली, तं वाटलं, तिले माह्या बोलन्याची लाज वाटते. ऑफिसात सगळे शुद्ध बोलत असतीन. बाजूले कोनी ऐकलं तं."

तेव्हा मला एकदम उमगलं. ती पुण्याला गेल्यापासून हे मुलीशी बोलताना पुस्तकातलं बोलतात. "जेवलीस का? तब्येतीची काळजी घे." फोन लावायच्या आधी अंगणात उभे राहून ते वाक्य एकदा स्वतःशी म्हणून बघतात. मी हसायचे. "आले पुणेकर," म्हणून चिडवायचे. शाळेत इतर शिक्षिकांना नक्कल करून दाखवली होती आणि सगळ्या पोट धरून हसल्या होत्या.

त्यांनी शर्टाला हात पुसले, खिशातून फोन काढला आणि तो नुसताच हातात धरून बसले.

"मंग आता कसं बोलू मी तिच्यासंग?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि घरातली शिकलेली म्हणून ते मला विचारत होते.