ताईची सावड

माझ्या थोरल्या बहिणीचे पाय ती लहान असताना तापात गेले. गेले म्हणजे होते तिथेच होते, पण कामाचे राहिले नाहीत. तेव्हा आम्ही साखरशेतला राहत होतो आणि वडील जव्हार संस्थानच्या शाळेत मास्तर होते. घरची भाताची आणि नागलीची शेती काका बघत, म्हणून वडिलांना मास्तरकी परवडत होती.

तापानंतर वडील ताईला पाठीवर घेऊन बरंच फिरले. भगताने कोंबडं घेतलं आणि बाहेरचं आहे, उतरेल म्हणून सांगितलं. जव्हारच्या हकिमांनी तेल दिलं, त्याच्या वासाने आमचं मांजर घर सोडून गेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर टिचकी मारून पाहिली आणि मुलगी हुशार आहे म्हणाले. ते आम्हाला माहीतच होतं. उपयोगाचं काम एकट्या सुताराने केलं. जव्हारच्या बाजारात ते मुसलमान सुतारचाचा बसत. त्यांनी पायांबद्दल एक शब्द न काढता ताईच्या बसण्याचं माप घेतलं आणि चार लाकडी चाकांचा पाट करून दिला. सारवलेल्या जमिनीवर ताई दोन्ही हातांनी तो रेटत घरभर फिरू लागली आणि माझ्या चोऱ्या पकडू लागली. मला तो पाट अजिबात आवडत नसे.

लोक ताईला द्यायचे फार. देवळाबाहेर तिला बसवलं की येणारा-जाणारा तिच्या मांडीवर खोबऱ्याचा तुकडा ठेवून जाई. कुणी केळं, कुणी जुनं परकर-पोलकं. ताई हात लावत नसे. खोबरं मी खाई. देणाऱ्याला बरं वाटे, मलाही बरं वाटे, ताईला काय वाटे ते तिला कुणी विचारत नसे.

मग संस्थान विलीन झालं. शाळेत पेढे वाटले आणि वडिलांच्या मनाने घेतलं, की आता सरकार आपलं, तेव्हा अशा मुलांसाठी काहीतरी सोय असणारच. ती कुठे असते एवढंच विचारायचं. ते विचारत सुटले. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने ठाण्याला, ठाण्याच्या माणसाने पुन्हा जव्हारला. पूर्वी काही मिळालं नाही तरी नाही म्हणणारा कोण ते ठाऊक असायचं. आता नाही म्हणणाराही सापडेना. शेवटी एका भल्या गृहस्थाने सांगितलं, की मुंबईला अशी मुलं ठेवून घेतात.

"ठेवायला ती काय ट्रंक आहे?" आई म्हणाली. तिथे तो शोध संपला.

विलीनीकरणाने आमच्या घराला दिलेली पहिली गोष्ट म्हणजे बदली. मोखाडा तोवर आमच्या संस्थानाबाहेरचा, इंग्रजी हद्दीतला. आता सगळं एक झालं आणि वडिलांना सूर्यमाळची शाळा मिळाली. सूर्यमाळ म्हणजे डोंगरमाथ्यावर, जंगलात विखुरलेले पाडे. उन्हाळ्यात पाणी नाही, पावसाळ्यात पाण्याशिवाय काही नाही. मोखाड्याला जायला पायवाट. शाळेची खोली आणि तिला चिकटून आमचं घर. दाराबाहेर पाऊल टाकलं की दगड, त्यामुळे पाट घरातच फिरे आणि ताईही.

ताई घरात बसून शिकली. शाळा चौथीपर्यंत, पण वडिलांनी तिला पुढची पुस्तकं आणून दिली. सातवीची फायनल पास झालेल्या बाईला मास्तरकी मिळू शकते, हे वडिलांनी कुठेतरी ऐकलं आणि ताईने ते मनात धरलं. बसून शिकवता येतं याबद्दल तिला शंका नव्हती. वडील बहुतेक वेळ बसूनच शिकवत. तिला मास्तरीण व्हायचं होतं. त्यासाठी चैत्रात जव्हारला जाऊन परीक्षा द्यायची, एवढंच बाकी होतं. मोखाड्याहून जव्हारची मोटार मिळे. मोखाड्यापर्यंत जायचं कसं?

तोवर ताई अंगाने भरली होती आणि वडिलांची कंबर धरली होती. तिला डोलीतून न्यायला हवं होतं. डोली म्हणजे बांबूला बांधलेलं घोंगडं, दोन्हीकडे खांदे. आमच्याकडे आजाऱ्याला मोखाड्याला न्यायची तीच गाडी. वडील पाड्याच्या कारभाऱ्याकडे गेले. मी बरोबर होते.

म्हातारा नीट ऐकून म्हणाला, "गुरजी, आजाऱ्याला आमी उचलतो. अडलेल्या बाईला उचलतो. मेलेल्याला तर उचलतोच. तुमच्या बायला काय झालंय?"

"काही नाही. परीक्षेला जायचंय."

"म्हंजे धड हाय."

"धड आहे," वडील म्हणाले. ताईला कुणी धड म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती आणि ती आमच्या विरोधात गेली.

"धड मानसाला खांद्यावर घ्यायचा म्हंजे वेठ. वेठ आमी सोडली."

वेठ म्हणजे सक्तीचं काम. साहेब फिरतीवर आला की त्याची खाट, त्याची पेटी, कधी सबंध साहेबच डोलीत घालून डोंगर चढवायचा. ती नुकती सुटली होती आणि मार खाऊन सुटली होती. वडील मजुरी देतो म्हणाले. म्हातारा म्हणाला, साहेबबी मूठभर नागली द्यायचा. वडील उठले. मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. त्याचं म्हणणं आज मला पटतं, पण राग काही गेलेला नाही.

वडिलांनी मग शिकलेल्या माणसाने करावी ती चूक केली. त्या सुमाराला एक अधिकारी फिरतीवर येऊन गेले. वडिलांनी त्यांच्या कानावर अडचण घातली. ते कळवळले आणि तिथल्या तिथे त्यांनी हुकूम दिला, की मास्तरांच्या अपंग मुलीसाठी पाड्याने माणसं पुरवावीत. वडील तो हुकूम घेऊन मोठ्या आनंदाने कारभाऱ्याकडे गेले. कारभारी हसला. दुसऱ्या दिवसापासून पाड्यावरचं कुणी आमच्याशी बोलेना. दूध बंद झालं. शाळेत एकही मूल येईना. माणसं पुरवा हे शब्द त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले होते, फक्त मास्तरच्या तोंडून ऐकायचे राहिले होते.

त्या वर्षीची परीक्षा गेली. परीक्षेच्या दिवशी ताईने सगळी पुस्तकं झटकली, पुन्हा लावली आणि माझी वेणी इतकी घट्ट घातली की माझे डोळे तिरपे झाले. ती रडली असती तर बरं झालं असतं. मीच रडले, आणि लोकांना वाटलं वेणीमुळे.

पाऊस लागला आणि भाताची लावणी सुरू झाली. आई साखरशेतच्या चिखलात वाढलेली. सगळा पाडा शेतात असताना कुणाशी न बोलता घरात बसणं तिला सोसेना. वडील म्हणाले, मास्तरच्या बायकोने चिखलात उतरणं बरं दिसत नाही. आई म्हणाली, "बघतंय कोण? बोलत नाही कुणी आपल्याशी." आणि लुगडं खोचून गेली. बायकांनी तिला नको म्हटलं नाही. लावणीत हात कुणाचाही चालतो.

तिथली लावणी सावडीवर चाले. आज मी तुझ्या शेतात राबले की तुझ्यावर माझी सावड बसली, उद्या तू माझ्या शेतात येऊन ती फेडायचीस. देणंघेणं काही नाही, हाताला हात. सावड बुडवली असं कुणाबद्दल म्हणण्याची पाळी मी तिथे कधी पाहिली नाही. बुडवणाऱ्याचं भात मग लावणार कोण?

आमचं तिथे शेत नव्हतं. त्यामुळे आई राबत राहिली आणि बायका अडचणीत आल्या. मास्तरणीची सावड बसत चालली, ती फेडायची कुठे? त्या अवघडल्या की सांगत नसत, उलट रागावल्यासारख्या वागत. शेवटी एक तरुण बाई, जिचं तान्हं बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत भिजत ओरडत होतं, वैतागून आईला म्हणाली, "तुमची बाय घरात काय करती?"

आईने मान ताठ केली. आता बिचारी म्हणणार, असं तिला वाटलं. "वाचते," ती म्हणाली.

"हात धड हाईत ना? मंग माझं पोर धरील का?"

आई घरी आली आणि ताईसमोर ते ओलं पोर ठेवून म्हणाली, "तुला विचारलंय." ताईला तोवर लोकांनी खूप काही दिलं होतं. मागितलं कुणीच काही नव्हतं. तिने त्या पोराकडे पाहिलं, पोराने तिच्याकडे पाहिलं आणि दोघं एकदम गप्प झाली.

दोन-चार दिवसांत शाळेची खोली भरली. लावणीत मोठी मुलं शाळेत येतच नाहीत, त्यात ती बहिष्कारावर. आता तिथे वर्गच्या वर्ग जमला, पण एकालाही दात नव्हते. आढ्याला ओळीने झोळ्या टांगल्या, प्रत्येक झोळीला दोरी. ताई पाटावर बसून सुसाट इकडून तिकडे जाई. दोन हातांत दोऱ्या असत आणि जास्त ओरडणाऱ्याची दोरी दातात. ती दातांतल्या दातांत सातवीच्या कविता म्हणे. दुपटी धुवायचं काम माझ्याकडे होतं, त्याबद्दल मी न बोललेलं बरं. वडील दारात उभे राहून बघत. शाळा इतकी भरलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

लावणी संपली. दूध सुरू झालं, मुलं शाळेत आली. सावडीचं कुणी काही बोललं नाही. आम्हीही नाही. वडिलांनी तर डोली हा शब्दच टाकला होता. चैत्र आला तसं ताईने पुस्तकं पुन्हा झटकायला घेतली आणि मी माझी वेणी स्वतः घालायला शिकले.

मोटार ज्या दिवशी गाठायला हवी होती त्या दिवशी पहाटे अंगणात पावलं वाजली. दार उघडलं तर बायका. लावणीच्या त्याच. विहिरी आटल्या होत्या, तरी कुठल्याशा झऱ्यावरून दोन खेपा पाणी भरून आल्या होत्या. दोघींच्या खांद्यावर बांबू. बायकांनी डोली उचललेली मी कधी पाहिली नव्हती, त्यांनीही नसावी. खांद्यावर ओझं घ्यायची सवय नाही म्हणून हंड्याखाली घेतात ती चुंबळ त्यांनी खांद्यावर बांधली होती.

वडील म्हणाले, "पुरुष नाही आले?"

"सावड त्यांची नाय," ती तरुण बाई म्हणाली. "पोरं आमची धरली बायनं. बाय, बस."

ताईला घोंगड्यात बसवलं. निघणार, तेवढ्यात एकीच्या पाठीवरचं पोर भोकाड पसरून रडायला लागलं. तिने ते सोडलं आणि ताईच्या मांडीवर ठेवलं. "धर जरा. खांदा दुखतो." माझी बहीण फायनलच्या परीक्षेला मांडीवर दुसऱ्याचं पोर घेऊन निघाली. चाकांचा पाट माझ्या डोक्यावर होता. मागून कारभारी आणि चार-पाच बाप्ये हात मागे बांधून, आपण सहजच चाललोय असं तोंड करून मोखाड्यापर्यंत आले. वाटेत समोरून येणारा माणूस डोली पाहून बाजूला होई, हात जोडी आणि हळूच विचारी, काय झालं? बायका ठसक्यात सांगत, "काय नाय. धड हाय. परीक्षेला चाललीय."

जव्हारात मावशीकडे उतरलो. तिथे रस्ता होता. रोज सकाळी मी पाटाला दोरी लावून ताईला बाजारातून ओढत परीक्षेला नेलं. सुतारचाचा दुकानातून उठून आले, आम्हाला थांबवलं, चाकांना तेल घातलं आणि परत जाऊन बसले. जाता-येता कुणीतरी ताईच्या मांडीवर केळं ठेवलंच. ताईने ते उचलून परत त्याच्या हातात दिलं. "नको," ती म्हणाली, "मी परीक्षेला चाललेय." मला केळं आवडायचं, पण मी दोरी ओढत पुढे निघाले.

परत आलो तो मोखाड्याच्या बाजाराचा दिवस. बायका बाजारहाट उरकून मोटारीची वाट बघत होत्या. या खेपेला बाप्येही पुढे झाले. कारभाऱ्याने स्वतः बांबूला हात घातला. त्या तरुण बाईने त्याचा हात बाजूला केला. "तुमी मागनं या." मग ताईकडे वळून तिने हिशेब सांगितला. "बाय, नेली तवा आमची सावड फिटली. आता घरला नेतो, ती तुझ्यावर बसली. लावणीला फेड."

वडील घाईने म्हणाले, "माझ्यावर समजा. मी बघतो काय ते."

"तुमच्यावर नाय, गुरजी. बायवर."

मी ताईकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. पायांमुळे तिच्यावर आजवर दया बसली होती, नशीब बसलं होतं, भगताच्या मते तर आणखीही काही बसलं होतं. कुणाची सावड मात्र कधी बसली नव्हती. ती बसते कुणावर, तर जो फेडू शकतो त्याच्यावर. मला इतका आनंद झाला की पाटाचं ओझंही लागेना. ताई ओठ घट्ट मिटून डोलीत बसली, रडू नये म्हणून, आणि पहिल्या चढावर रडली.

निकाल आला तेव्हा लावणी ऐन भरात होती. वडील मोखाड्याहून धावत आले, कमरेचं दुखणं विसरून, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले. शाळेच्या दारातूनच ओरडले, "पास! पोरी, पास झालीस तू!"

ओळीतल्या सगळ्या झोळ्या एकदम जाग्या झाल्या. ताईने दातातली दोरी काढली.

"हळू, बाबा," ती म्हणाली. "माझ्यावर सावड आहे."